आधी मुख सांग

रत्नागिरीहून पावसला निघालं की शहर संपता संपता भाट्याचा पूल लागतो. ओहोटीच्या वेळी तिथे दोन मिनिटं थांबून खाली पाहावं. काजळी नदी इथे समुद्राला मिळते. एका अंगाला राजिवडा, दुसऱ्या अंगाला भाट्ये, मधे उतरलेलं पाणी आणि चिखलात टेकलेल्या होड्या. भरतीला सगळ्या होड्या सारख्याच डौलदार दिसतात. ओहोटी त्यांचं खालचं अंग उघडं पाडते. काही दमलेल्या म्हशीसारख्या कुशीवर कलंडलेल्या असतात. काही परातीसारख्या सरळ बसलेल्या. कलंडलेल्यांच्या पोटाखाली पठाण असतो, म्हणजे नाळेपासून पिछाडीपर्यंत गेलेला होडीचा कणा. परातीसारख्या बसलेल्यांचा तळ सपाट.

नवी होडी घ्यायची तर यातली कुठली, यावर खाडीकाठच्या एका घरात बरेच दिवस वाद चालला होता. मामा होड्या बांधणारे मेस्त्री. वय सत्तरीपुढे, तासणीवरचा हात अजून स्थिर. भाची शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलेली. होडी हवी होती भाचीच्या भावाला: चोवीस-पंचवीस फुटांची, तीन माणसांची, जाळं लावून बांगडा-सुरमई धरायला. तो स्वतः या चर्चेला क्वचितच असे, त्याला कामं होती. मी मात्र निवृत्त मास्तर, रिकामा, रोज संध्याकाळी मेस्त्र्यांच्या मांडवात जाऊन बसणारा. बोलणं तीन-चार संध्याकाळी झालं. मी ते एका बैठकीत बसवलंय आणि मधली भांडणं, चहा व शेजाऱ्यांच्या चौकशा गाळल्या आहेत.

भाची : मामा, मी सपाट तळाच्या बाजूची, हे आधीच सांगते. आपल्या खाडीचं मुख गाळानं भरत चाललंय. ओहोटीला आत-बाहेर करायचं तर पठाण वाळूला लागतो. होडी अडकते, आणि अडकलेल्या होडीवर मागून लाट आली की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. सपाट होडी वीत-दीड वीत पाण्यात तरंगते. आउटबोर्ड मशीन लावलं की पंखाही वर उचलून घेता येतो.

मेस्त्री : वीतभर पाण्यात तरंगते. रिकामी.

भाची : भरलेली धरा दोन वीत.

मेस्त्री : आणि मुखाच्या बाहेर? तिथे पाणी वितीनं मोजत नाय, बाय. पहाटे मतलई वारा असतो, जमिनीवरून दर्याकडे. त्या वाऱ्यावर पाटावर बसलेला माणूससुद्धा बाहेर जाईल. दुपारी खारा वारा सुटतो, दर्या उकळायला लागतो, आणि आपली परतायची वेळ नेमकी तीच. पूर्णगडाच्या बाजूनं वर येत असशील तर वायव्येचा वारा तोंडावर. तुझी परात नाळेकडून उचलते नि आपटते, उचलते नि आपटते. एक तास तसा काढ, मग मणका कुठे राहिला ते शोध.

भाची : वेग कमी करायचा.

मेस्त्री : केला. आता मुखाशी आलीस. वळलीस, वारा पाठीवर, लाट पाठीवर. पठाण नाय म्हणजे पाण्यात पकड नाय. पिछाडी घसरते, होडी आडवी फिरते. मुखातल्या फुटत्या लाटेत आडवी झालेली होडी म्हणजे उपडी झालेलीच समज.

भाची : पठाणवाली फिरत नाही? तिची नाळ खोल असेल तर ती लाटेच्या पायथ्याशी नाक खुपसते आणि त्याच नाकावर गरकन फिरते. हे मी वाचलेलं नाही, पाहिलंय.

मेस्त्री : (जरा थांबून) म्हणून नाळेखाली पठाण वर उचलून घ्यायचा असतो, आणि मागे जाताना खोल ठेवायचा. ज्यानं सरळ ठोकला त्याची ती चूक. पठाणाची नाय.

पहिल्याच संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की दोघं एकाच जागेबद्दल बोलतायत. मुखावर पाणी कमी म्हणून भाचीला सपाट तळ हवा, आणि मुखावर लाट फुटते म्हणून मामांना पठाण. पाणी कमी असतं म्हणूनच लाट फुटते. दोघांचा शत्रू एक आणि दोघांची हत्यारं उलटी.

भाची : बरं, बाहेरच जाऊ. जाळं ओढताना तीन माणसं एकाच काठाला उभी असतात. ओलं जाळं, त्यात मासळी. होडी तिकडे कलणार. किती कलेल, हे रुंदीवर ठरतं, आणि रुंदीचा हिशेब साधा नाही. वजन तेच ठेवून पाण्यालगतची रुंदी चार फुटांची पाच फूट केली तर पकड सव्वापट होत नाही. चाराचा घन चौसष्ट, पाचाचा सव्वाशे. जवळजवळ दुप्पट होते! सपाट तळाला ही रुंदी फुकट मिळते. गोल पोटाच्या होडीत तीच माणसं उभी केली तर काठ पाण्याला टेकेल.

मेस्त्री : घन-बिन तुझा तू बघ. रुंदी चार बोटं वाढवली तर होडी केवढी ताठ होते, हे आम्हाला ठाऊक हाय. पण ताठ म्हणजे चांगली, असं कोण म्हणतं? मास्तर, तुम्ही सांगा. खाडीत पाणी सपाट असतं तेव्हा सपाट होडी सपाट उभी राहते. बरोबर? आता लाट आली. लाटेचा उतार तिरका. सपाट होडी काय करते?

मी म्हटलं, उताराबरोबर तिरकी होते.

मेस्त्री : झालं तर! ती पाण्याशी इमान राखते, माणसाशी नाय. लाट चढली की झटक्यानं एकीकडे, उतरली की झटक्यानं दुसरीकडे. उभा असलेला माणूस फेकला जातो. गोल पोटाची होडी पहिल्यांदा हलते खरी, नवखा माणूस घाबरतो. पण लाट तिच्या पोटाखालून निघून जाते. ती सावकाश डुलते. तांडेल त्या डुलण्यावर उभा राहून जेवतो.

भाची : हे खरं आहे. झटका आणि पकड एकाच गोष्टीची दोन नावं आहेत, हे मला मान्य. पण मग काठाला उभ्या असलेल्या तीन माणसांचं काय करायचं?

मेस्त्री : ती काठाला उभी राहत नायत. एक ओढतो, एक मधे बसून मासळी सोडवतो, एक सुकाणावर. तीनही माणसं काठाला जाऊन उभी राहतात ती तुझ्या कागदावर.

भाची : मोठी सुरमई लागली की सगळेच जातात, मामा. तुम्हीपण गेला असाल.

मेस्त्री हसले. गेले असणार.

इथे रामदास बोटीचा विषय निघाला. कोकणात होडीच्या तोलाबद्दल पाच मिनिटांहून जास्त बोललं की तो निघतोच. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ती आगबोट भर पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीत पाणी आलं आणि घाबरलेली माणसं एका अंगाला सरली, हे त्या गोष्टीतलं सगळ्यात लक्षात राहणारं वाक्य. आमच्या लहानपणी तरीत बसताना कुणी जागा बदलली की म्हातारी माणसं नुसतं "रामदास" म्हणायची आणि सगळे गप्प बसायचे.

भाची : त्यातलं खरं कारण बघा. वजन होतं, त्याहून वाईट म्हणजे ते वजन हलत होतं. बांधलेलं वजन होडीला तोलून धरतं, सुटलेलं वजन तिच्याशी दगा करतं.

मेस्त्री : आता आलीस माझ्या अंगणात. होडीत सगळ्यात सुटलेलं वजन कोणतं?

भाची : मासळी. मासळीला खण करता येतात.

मेस्त्री : मासळी नाय. पाणी. लाटेचे शिंतोडे, जाळ्यातून गळलेलं, फटीतून झिरपलेलं. प्रत्येक होडीत ते असतंच. पठाणाच्या होडीत ते खाली घळीत जमा होतं. तिथेच पडून राहतं, डबा घालून उपसता येतं. सपाट तळात दोन बोटं पाणी सगळीकडे पसरतं. होडी कलली की ते सगळं त्या अंगाला धावतं. होडी आधीच कललेली, त्यात हे. म्हणजे तुझ्या होडीत प्रत्येक फेरीला एक रामदास बसलेला असतो.

भाचीनं वहीत काहीतरी लिहिलं. नंतर मी तिला विचारलं, तर म्हणाली, हा मुद्दा तिला पाठ्यपुस्तकातून येत होता, पण घळीत पडून राहणारं पाणी कधी डोळ्यांसमोर आलं नव्हतं. मामांना मात्र तिनं एवढंच सांगितलं की सपाट तळात आडव्या-उभ्या पट्ट्या घालून पाणी अडवता येतं.

दुसऱ्या दिवशी गाडी वेगावर आली.

भाची : एक गोष्ट तुमच्या बाजूची सांगते. दादाला वाटतंय, सपाट होडीला मोठं मशीन लावलं की ती पाण्यावर उचलून पळेल. पळेल, पण रिकामी. जाळं, बर्फ, मासळी आणि तीन माणसं घातल्यावर ती पाणी कापतच जाणार. आणि पाणी कापत जाणाऱ्या होडीला वेगाची वेस असते. पाण्यालगतची लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, सुमारे एक पूर्णांक चौतीस शतांशानं गुणायचं. वीस फुटांना सहा नॉट. म्हणजे ताशी अकरा किलोमीटर. पुढे कितीही रॉकेल जाळा, होडी स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढावर पिछाडी टेकून बसते.

मेस्त्री : हे तुला वर्गमूळ काढून कळलं?

भाची : तुम्हाला कसं कळलं?

मेस्त्री : पिछाडीकडे पाणी किती चढलंय ते बघून. चढलं की हात आखडायचा.

भाची : तेच आहे ते. विल्यम फ्राउड नावाच्या इंग्रज माणसानं हे दीडशे वर्षांपूर्वी मोजलं. आणि त्यानं एक गंमत केली होती. १८६७ साली डार्ट नावाच्या नदीवर त्यानं दोन प्रकारच्या लहान होड्या ओढून पाहिल्या; प्रत्येकीची प्रतिकृती तीन, सहा आणि बारा फुटांची. एक टोकाला अणकुचीदार, तिचं नाव ‘रेव्हन’. दुसरी बोथट, गुबगुबीत, तिचं नाव ‘स्वान’.

मेस्त्री : म्हणजे?

मी सांगितलं, डोमकावळा आणि हंस.

मेस्त्री : अणकुचीदार जिंकली असणार.

भाची : हळू असताना डोमकावळा जिंकला. वेग वाढल्यावर हंस.

मेस्त्र्यांनी हातातली विडी विझवली. या माणसानं आयुष्यभर नाळ धारदार करण्यात अभिमान मानलेला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "कसा ओढला?" वजन लावून, दोरीनं, शेजारी शेजारी, एका आडव्या दांड्याला बांधून ओढायचं, असं काहीसं मी समजावलं. ते म्हणाले, "दांड्याला बांधून ओढला, म्हणजे समुद्र नव्हता. नदी होती. लाट नव्हती." फ्राउडला पुढे तेच वाटलं असावं की नाही मला माहीत नाही, पण जहाजांच्या डुलण्यावरही त्याच माणसानं आयुष्य घालवलं, हे मात्र खरं. त्यानं दाखवलेली गोष्ट एवढीच होती की सगळ्या वेगांना एक उत्तम आकार असा नसतो. भाचीला हे तिच्या बाजूचं वाटत होतं आणि मामांना त्यांच्या.

मेस्त्री : आकार सगळा पठाण नि सपाट यातच संपतो असं नाय. माझ्या आज्याकडे पगार होता. आंब्याचं एकच खोड कोरलेलं. रुंदी एवढी की मांड्या घासतात. तुझ्या घनाच्या हिशेबानं तो जागच्या जागी उलटा व्हायला हवा. होत नसे. एका अंगाला दोन दांड्यांवर लाकडाचा ओंडका बांधलेला. उलांडी! होडीला लांबवर धरलेला हात. अंग बारीक म्हणून वल्हवायला हलकी, हात लांब म्हणून तोल भक्कम.

भाची : हा खरा तिसरा उपाय. रुंदी विकत न घेता रुंदीची पकड. मग गेली का उलांडी?

मेस्त्री : मिरकरवाड्याच्या धक्क्याला लावून दाखव उलांडीची होडी. दोन्ही बाजूला होड्या खेटून उभ्या. हात पसरून उभं राहायला जागा कुठाय? शिवाय त्या अंगानं जाळं ओढता येत नाय, मशीनचा धक्का बसला की बांधलेल्या दोऱ्या सैल होतात. ती वल्ह्यांची वस्तू. वल्ही गेली, ती गेली.

भाची : पूर्ण गेली नाहीत. जून-जुलैची बंदी यांत्रिक होड्यांना असते. एक जून ते एकतीस जुलै मशीन बंद. बिनमशीनच्या पारंपरिक होडीला खाडीत मुभा आहे. दादा ते दोन महिने खाडीत पाग नि गळ टाकणार. म्हणजे ही होडी वल्हवतासुद्धा आली पाहिजे.

मेस्त्री : हे आत्ता सांगतेस? पाच फुटी रुंद परात वल्हवणार कोण? काजळीच्या पावसाळी ओढीला?

भाची : (हळू) हा मुद्दा तुमचा.

मला इतिहासाची खोड आहे, म्हणून मी मधे खांदेरी काढली. १६७९ साली शिवाजी महाराजांनी त्या बेटावर किल्ला बांधायला घेतला आणि मुंबईकर इंग्रज वेढा घालून बसले. त्यांच्या ‘रिव्हेंज’सारख्या मोठ्या जहाजांना वारा लागे. मराठ्यांच्या लहान होड्या रात्री वल्ह्यांवर रसद पोचवत आणि नागावच्या खाडीत शिरत. त्या उथळ पाण्यात इंग्रजांना पाठलाग करता येत नसे. ऑक्टोबरात ‘डव्ह’ नावाची त्यांची गुराबही मराठ्यांनी धरली. भाचीला वाटलं, मास्तर आपल्या बाजूला आले: उथळ होड्यांनी आरमार जिंकलं. मेस्त्री म्हणाले, "उथळ नि सपाट हे एक नाय, मास्तर. हलकी नि लांब होडीसुद्धा कमी पाण्यात जाते. पाणी किती लागतं ते वजन ठरवतं, आकार नंतर." इतका नेमका फरक माझ्या वाचनात कुणी केलेला नव्हता. मी गप्प बसलो.

वादाचा खरा गाभा मात्र तिसऱ्या संध्याकाळी निघाला, आणि तो आकारातून निघालाच नाही. निघाला साहित्यातून. भाचीच्या मनातली होडी फायबरची होती, मामांच्या मनातली लाकडाची, आणि तोवर दोघांनी हे गृहीत धरून ठेवलं होतं.

मेस्त्री : फायबरची होडी घ्यायला जाशील तेव्हा तुला तळ विचारणार कोण? कारखान्यात साचा असतो. साचा ज्याचा, तळ त्याचा. त्यानं जो साचा आणला त्यातून शंभर होड्या काढल्या. राजिवड्याला तीच, हर्णैला तीच, मालवणला तीच. इथे मुख उथळ, तिथे मुखच नाय, उघडा किनारा. माझ्याकडे तांडेल आला की मी पहिलं विचारतो, कुठल्या मुखातून जाणार? किती लांब? जाळं कसलं? मग फळी उचलतो. तू आकार निवडत नायस, बाय. तू दुकान निवडतेस.

भाची : कबूल. आणि तुमच्याकडे आलेल्या तांडेलाला तुम्ही काय सांगता ते मी सांगू? सागाचा भाव. मग वर्षातून एकदा होडी वर ओढा, खरवडा, सांध्यात कापूस ठासा, तेल पाजा. समुद्रातला किडा तरी पोखरतोच. आणि तुमच्या हाताखाली शिकायला किती पोरं आहेत?

मेस्त्र्यांच्या मांडवात त्या दिवशी एक कुत्रं आणि मी, इतकेच होतो. मुलगा पुण्याला वाहनांच्या कारखान्यात. उत्तर कुणी दिलं नाही.

भाची : भांडायला नाही म्हणाले मी. पण तळाचं एक सांगते, आणि हे माझ्याच विरुद्ध आहे. फायबर म्हणजे काचेच्या धाग्याच्या थरांवर रेझिन. पातळ कवच. सपाट कवच कमजोर असतं, लाट आपटली की पोट आत-बाहेर करतं. आपल्या पडवीवरचा पत्रा बघा. सपाट पत्र्यावर पाय दिला तर वाकतो. पन्हळी असला तर माणूस पेलतो. जाडी तीच, फक्त वळण. तसंच करवंटीचं. म्हणजे फायबरला गोलाई फुकट ताकद देते. सपाट तळ हवा तर थर वाढवा, आतून वाक, म्हणजे फासळ्या, घाला, वजन नि पैसा दोन्ही वाढवा.

मेस्त्री : म्हणजे फायबरची होडी गोल असावी?

भाची : फायबरला गोल सोपी.

मेस्त्री : आणि लाकडाची?

भाची : ते तुम्ही सांगा. गोल पोट करायला तुम्हाला काय काय करावं लागतं?

मेस्त्री : (वेळ घेऊन) वाकांना आपसूक वाकलेली फांदी हुडकायची. सरळ लाकूड कापून वाक केला तर रेषा तुटते नि तिथे मोडतो. फळी ओली करून शेकायची, इंच इंच दाबून बसवायची. एक तडकली की दिवस गेला.

भाची : आणि सपाट तळाला?

मेस्त्री : सपाट तळाला काय! सरळ फळ्या, सरळ ठोक. पोरसुद्धा करील.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. इतके दिवस लाकडाचा माणूस लाकडाला अवघड असलेल्या आकारासाठी भांडत होता आणि फायबरची मुलगी फायबरला न मानवणाऱ्या आकारासाठी. भाची पुढे सांगत होती की १९८०च्या दशकात दक्षिणेला, कन्याकुमारीजवळच्या मुट्टमला, सागरी प्लायवुडचे तक्ते तारेनं शिवून, सांध्यांवर फायबर चढवून होड्या केल्या गेल्या. तक्ता एकाच दिशेनं वाकतो म्हणून त्यांचा तळ आपोआप कोनाचा होतो, धड सपाट नाही नि धड गोल नाही. मेस्त्र्यांना ‘शिवून’ हा शब्द आवडला. पण प्लायवुड म्हणजे त्यांच्या लेखी कपाटाचं लाकूड. तो विषय तिथेच संपला.

मेस्त्री : तरीपण मी सांगतो, पठाण. सोपं म्हणून करायचं असतं तर मी खाटा केल्या असत्या.

भाची : आणि मी सांगते, सपाट. जड झाली तरी चालेल. मुखावर अडकलेली हलकी होडी कुणाच्या कामाची नाही.

मेस्त्री : फयान आठवतं?

११ नोव्हेंबर २००९चं चक्रीवादळ. या किनाऱ्यावर त्या तारखेची कुणाला आठवण करून द्यावी लागत नाही.

भाची : त्या दिवशी कुठलाही तळ पुरला नाही, मामा.

मेस्त्री : तेच म्हणतोय. तळाचं एवढं घेऊन बसायचं नसतं. हवा बघायची असते.

भाची : मग तीन दिवस काय करतोय आपण?

उत्तर यायच्या आत भाऊ आला. मोटरसायकल लावून, घाम पुसत, दोघांच्या मधे उभा राहिला आणि म्हणाला की होडी झाली. म्हणजे बघून झाली, विसारही दिला. फायबरची, जुनी, सहा वर्षं चाललेली. मशीनसकट. नवी परवडत नव्हती. हे तो पहिल्या दिवसापासून सांगत होता, पण दोघांच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नव्हतं. मलासुद्धा नाही, हे कबूल करायला हवं.

दुसऱ्या दिवशी टेम्पोवरून होडी आली. चार माणसांनी उतरवून वाळूवर उपडी केली. भाची पिछाडीकडे बसली, फूटपट्टी लावून. मेस्त्री नाळेकडे, तळवा लावून. पुढे तळ कोनाचा होता, पाणी कापणारा. मागे येता येता तो पसरट होत गेला होता. मधोमध बोटभर उंचीची एक कड, पठाणाची आठवण म्हणावी इतकीच. भाची म्हणाली, मागे तर सपाटच आहे. मेस्त्री म्हणाले, पुढे तर नाही. मग त्यांचा तळवा एका जागी थांबला. नाळेपासून हातभर मागे फायबरवर नवा थर दिलेला होता, वरून रंग मारलेला, पण बोटांना कळणारा.

मेस्त्री : कुठची रे ही?

भाऊ : जयगडची.

मेस्त्री : जयगड. तिथे शास्त्री नदीच्या मुखात मोठी जहाजं येतात. एवढ्या पाण्यात हिला लागलं कुठे?

भाची : मधल्या कडेलाही घासल्याची खूण आहे. वाळूची नाही, दगडाची.

भाऊ : तो म्हणाला, काही लागलेलं नाही.

मेस्त्री : तो म्हणणारच. हिची लांबी किती, वजन किती, ते नंतर. भरून किती बसते ते आधी बघू. जाळं चढव, बर्फाच्या जागी वाळूची पोती टाक, तुम्ही तिघं बसा.

भाची : आणि मुखावर पाणी किती आहे तेही मोजू. अमावस्येच्या ओहोटीला, सगळ्यात कमी असेल तेव्हा.

मेस्त्री : परवा अमावस्या. बांबू माझ्याकडे हाय, हाताच्या खुणा केलेला. मास्तर, तुम्ही काठावर उभे राहून आकडे लिहा.

भाऊ विचारत होता की मोजून कमी निघालं तर विसार परत मिळेल का. त्याच्याकडे लक्ष न देता भाची मामांना म्हणाली, "ओहोटी किती वाजता लागते?"